प्रीमियर ऑटोमोबाईल्स : एका स्वदेशी मोटार व मालट्रक उद्योगाची वाटचाल

प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांच्या आर्थिक जीवनात खासगी मोटारगाडीपेक्षा मालट्रकचे महत्त्व नेहमीच अधिक राहिले आहे. दि. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा त्या विस्तीर्ण जिल्ह्याच्या वाट्याला देसाईगंज-वडसा हे एकच रेल्वेस्थानक आले. आलापल्लीचे सागवान, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला लागणारा बांबू, तेंदूपानांचे पोते या सर्वांचा प्रवास आधी बैलगाडीने आणि पुढे मालट्रकने झाला. त्यामुळे भारतात मालट्रक कोणी, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत तयार करावयास प्रारंभ केला, हा प्रश्न या प्रदेशातील अध्यापकांना व अभ्यासकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील कुर्ला येथे सापडते. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड ही कंपनी आज लोकस्मृतीत आहे ती ‘फियाट’ किंवा ‘पद्मिनी’ या गाडीमुळे, अर्थात मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे. तथापि, या कंपनीचा प्रारंभ मालट्रकने झाला होता, ही बाब सामान्यतः विसरली जाते. मालट्रकसाठी जन्मलेली कंपनी मोटारगाडीची कंपनी कशी झाली, आणि मोटारगाडीतही ती अखेर का टिकली नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मोटार कारखान्याची मूळ कल्पना

भारतात मोटारीची निर्मिती व्हावी ही कल्पना वालचंदांच्या आधी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पद्धतशीरपणे मांडली. विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच देणगी होय. म्हैसूर संस्थानचे दिवाणपद सोडल्यानंतर त्यांनी आपले लक्ष औद्योगिक नियोजनाकडे वळविले. १९३४ मध्ये भारताच्या नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर लगेच, १९३५ मध्ये, त्यांनी युरोप व अमेरिकेतील मोटार कारखान्यांची पाहणी केली. मोटार हा एकटा उद्योग नसून त्याच्यामागे पोलाद, ओतकाम, रबर, काच, रंग, विजेची उपकरणे अशा अनेक उद्योगांची साखळी उभी राहते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते.

त्या काळी भारतात मोटारी मिळत नव्हत्या असे नाही. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना उघडला होता. फोर्ड कंपनीही या देशात जोडणीचे काम करीत होती. येथे ‘जोडणी’ आणि ‘निर्मिती’ यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जोडणीमध्ये परदेशातून पेट्यांमध्ये भरून आलेले सुटे भाग येथील कामगार एकत्र बसवितात. गाडी बाहेर पडते ती भारतीय कारखान्याच्या दारातून, परंतु तिचे इंजिन, दातेरी चक्रे, आस यांपैकी काहीही या देशात घडलेले नसते. निर्मितीत हे भाग येथेच ओतले, घडविले व कातले जातात. कौशल्य कामगाराच्या हाती उतरते ते दुसऱ्या प्रकारात. प्रीमियरच्या पुढील साऱ्या इतिहासात हा भेद वारंवार डोके वर काढतो.

वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मले. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनासमवेत भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि तेथून बांधकाम, जहाज वाहतूक, साखर अशा क्षेत्रांत प्रवेश केला. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघाले, तेव्हापासून ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीशी झुंज हा त्यांच्या उद्योगजीवनाचा स्थायिभाव राहिला. विश्वेश्वरय्यांच्या योजनेला असा पाठीराखा मिळणे स्वाभाविक होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि या मंत्रिमंडळाने कारखान्यास साहाय्य करण्याची अनुकूलता दर्शविली. मात्र १९३९ च्या उत्तरार्धात युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रांतिक सरकारचे पाठबळ संपुष्टात आले.

त्याच वर्षी वालचंद अमेरिकेत गेले होते. फोर्डशी बोलणी फलद्रूप झाली नाहीत. क्रायस्लर कॉर्पोरेशनने मात्र तांत्रिक साहाय्य देण्याची तयारी दाखविली आणि १९४० मध्ये तसा करार झाला. अडथळा आला तो दिल्लीहून. युद्धकाळात यंत्रसामग्रीची आयात आणि डॉलरचे विनिमय हे दोन्ही भारत सरकारच्या परवानगीवाचून अशक्य होते, आणि ती परवानगी मिळाली नाही. लष्कराला हजारो ट्रक हवे असताना ते परदेशी कंपन्यांच्या जोडणी कारखान्यांतून घेतले गेले. भारतीय कारखाना उभारण्यास हीच वेळ सर्वांत अनुकूल होती. नेमक्या त्याच वेळी तो अडविला गेला, या घटनेचा अर्थ वासाहतिक अर्थनीतीच्या अभ्यासकांस वेगळा सांगावयास नको. याच अमेरिका प्रवासात विमानोद्योगातील विल्यम पॉली यांची गाठ पडून १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. विमान हवे म्हणून सरकार तयार झाले, मोटारीस नाही. हा विरोधाभास लक्षणीय आहे.

कुर्ल्यातील प्रारंभ

युद्धाचा निकाल दिसू लागल्यावर, १९४४ मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाईल्सची नोंदणी झाली. तत्पूर्वी १९४२ मध्ये बिर्ला समूहाने हिंदुस्थान मोटर्स स्थापन केली होती, त्यामुळे ‘पहिली भारतीय मोटार कंपनी कोणती’ या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. तो वाद फारसा फलदायी नाही. १९४७ मध्ये कुर्ला कारखान्यातून डॉज मालट्रक बाहेर पडू लागले. त्यापाठोपाठ डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांच्या मोटारी आल्या. क्रायस्लरच्या पद्धतीनुसार एकच मालट्रक निरनिराळ्या विक्रेत्यांकडे ‘डॉज’ आणि ‘फार्गो’ अशा वेगवेगळ्या नावांनी जाई. नाव निराळे, आतील यंत्र एकच.

प्रारंभीची ही सारी वाहने जोडणीचीच होती, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. १९४९ मध्ये सरकारने पूर्ण तयार वाहनांच्या आयातीवर बंदी घातली, आणि १९५३ मध्ये जकात आयोगाने अधिक मूलगामी शिफारस केली. ज्या कंपन्यांकडे टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम आहे, त्यांनाच या देशात वाहन व्यवसाय करता यावा, असे तिचे स्वरूप होते. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तसा कार्यक्रम स्वीकारला नाही व १९५४ पर्यंत त्या येथून निघून गेल्या. मैदानात राहिल्या त्या हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर, मद्रासच्या अशोक व स्टँडर्ड आणि आणखी मोजक्या कंपन्या. वालचंद हिराचंद यांचे त्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये, निधन झाले. ज्या संरक्षणासाठी ते वीस वर्षे झगडले, ते मिळाल्याचे फळ त्यांना पाहावयास मिळाले नाही.

संरक्षण मिळाले, पण बाजारपेठ लहान होती. वाहन निर्मितीत साचे, ओतशाळा आणि दाबयंत्रे यांवर आधीच प्रचंड खर्च होतो आणि तो खर्च गाड्यांच्या संख्येवर विभागला जातो. डेट्रॉइटमध्ये लाखो गाड्यांवर विभागला जाणारा खर्च येथे काही हजारांवर पडे. त्यात एकाच कंपनीने अनेक नावांच्या मोठ्या अमेरिकी मोटारी चालविणे म्हणजे हा भार आणखी वाढविणे होते. अमेरिकी मोटार भरपूर पेट्रोल खाणारी आणि येथील मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५१ च्या सुमारास छोटी फियाट ५०० आली आणि १९५४ पासून फियाट ११०० चे युग सुरू झाले.

मालट्रकची पीछेहाट

येथे या इतिहासाचे खरे वळण आहे. १९५४ हे वर्ष प्रीमियरसाठी दोन अर्थांनी निर्णायक ठरले. एकीकडे फियाट ११०० मिळाली. दुसरीकडे त्याच वर्षी जमशेदपूर येथे टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनियरिंग कंपनी अर्थात टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालट्रक निर्मितीस प्रारंभ केला.

टाटांचा ट्रक डिझेलवर चालणारा होता. डॉज व फार्गो हे मुळात पेट्रोल इंजिनाचे ट्रक होते. अमेरिकेत पेट्रोल मुबलक व स्वस्त असल्याने तेथे ते सोयीचे होते. पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या अधिक दाबामुळे तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते, तसेच कमी वेगातही इंजिन जड भार ओढते. चढ, चिखल, नदीचे उतार आणि क्षमतेहून अधिक माल या भारतीय वाहतुकीच्या नित्याच्या अवस्थेत हा गुण मोलाचा होता. शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. एकच ट्रक बाळगून तो स्वतः चालविणाऱ्या मालकासाठी नफा आणि तोटा यांतील अंतर बहुधा इंधनाच्या बिलातच असते.

प्रीमियरला हे कळत नव्हते असे मुळीच नाही. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणारी पर्किन्स डिझेल इंजिने डॉज व फार्गो ट्रकवर बसविण्यात आली आणि अशा ट्रकना ग्राहकही मिळाले. परंतु इंजिन एकाचे, सांगाडा दुसऱ्याचा, सुटे भाग तिसऱ्याकडून अशी ही व्यवस्था होती. टेल्कोने एकाच आराखड्यावर लक्ष केंद्रित केले आणि वर्षागणिक अधिकाधिक भाग स्वतः घडविले. १९६९ मध्ये डेमलर-बेंझचा करार संपला, तेव्हा ट्रकच्या नाकावरील तारा जाऊन ‘टी’ हे अक्षर आले आणि गाडी तीच राहिली. क्रायस्लरपासून वेगळे झाल्यावर प्रीमियरनेही स्वतःच्या नावाने, ‘रोडमास्टर’ म्हणून, मालट्रक विकले. तोवर बाजारपेठ टाटा आणि अशोक लेलँड यांच्या हाती गेली होती. (लहान मालगाडीची बाजारपेठही मुंबईने नव्हे, पुण्याच्या बजाज टेम्पोने घेतली. आजही महाराष्ट्रात कोणत्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ किंवा ‘मेटाडोर’ म्हटले जाते, हा त्या यशाचा भाषिक पुरावा होय.)

चांदा जिल्ह्याचा या स्पर्धेशी एक दूरचा, पण खरा संबंध आहे. १८८२ मध्ये जर्मन तज्ज्ञ फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाच्या शक्यतेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. लोहारा येथील लोहखनिज आणि वरोऱ्याचा कोळसा या दोहोंचा त्यात विचार होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलमुळे मध्य प्रांताशी परिचित असलेल्या जमशेटजी टाटांनी तो वाचला आणि पोलाद कारखान्याचा ध्यास घेतला. वरोऱ्याचा कोळसा पोलादासाठी लागणारा कोक बनविण्यास योग्य ठरला नाही, आणि खनिज शोधाच्या सरकारी अटीही जाचक होत्या. पुढे १९०४ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ वेल्ड यांनी दोराबजी टाटांसमवेत चांद्याचे जंगल पालथे घातले. लोहाऱ्याचे खनिज उत्तम प्रतीचे, पण कारखान्याला पुरेल इतके नव्हते. हा बेत सोडून देत असल्याचे सांगण्यास दोराबजी नागपूरला गेले असता तेथील संग्रहालयात, नागपूरकरांच्या अजब बंगल्यात, प्रमथनाथ बोस यांनी केलेला भूशास्त्रीय नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. शोध दुर्ग जिल्ह्याकडे वळला आणि अखेर मयूरभंज व जमशेदपूर येथे स्थिरावला. ज्या गावी पुढे डिझेल ट्रक तयार झाला ते गाव अशा रीतीने चांद्यातील निराशेतून उभे राहिले. आलापल्लीच्या जंगलातून बल्लारशाहच्या लाकूड आगाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढील काळात टाटांचे ट्रक दिसावेत, या दृश्यामागे असा बराच लांबचा इतिहास आहे.

परवाना, किंमत आणि प्रतीक्षा

मालट्रकमध्ये मागे पडलेली प्रीमियर मोटारगाडीत मात्र स्थिरावली. फियाट ११०० चे ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’, १९६४ ची ‘डिलाइट’ असे अवतार झाले. फियाटशी असलेला करार संपल्यानंतर हीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, चाकाच्या दांड्यावर बसविलेला गिअर, अरुंद गल्लीत सहज वळणारा बांधा या गुणांमुळे मुंबईच्या टॅक्सीचालकांनी अँबेसेडरऐवजी तिची निवड केली. लोकांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली.

परवाना पद्धतीत कारखान्याने किती गाड्या तयार कराव्यात हे सरकार ठरवी, आणि १९६९ पासून त्यांची किंमतही. मोटार ही चैनीची वस्तू मानली गेल्याने परकीय चलन व पोलाद यांच्या वाटपात तिचा क्रम मागे राही. परिणामी नोंदणी करून ग्राहकाने अनेक वर्षे वाट पाहावी आणि मिळालेली गाडी दुसऱ्या दिवशी अधिक किमतीस विकता यावी, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. प्रीमियरने किंमत निश्चितीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७१ मध्ये निर्णय झालेला हा खटला ‘वाजवी किंमत’ कशी काढावी या विषयावरील महत्त्वाचा दाखला आहे. घसारा, कामगार खर्च, सुट्या भागांची किंमत आणि भांडवलावरील वाजवी परतावा यांचा तपशीलवार ऊहापोह न्यायालयासमोर झाला.

तरीही सारा दोष सरकारी नियंत्रणावर टाकून मोकळे होणे योग्य ठरणार नाही. याच नियंत्रणाखाली टेल्कोने आपला ट्रक सुधारीत नेला. ग्राहक दाराशी रांगेत उभा असल्यावर गाडी सुधारण्याची निकड कोणाला वाटत नाही, आणि ती प्रीमियरलाही वाटली नाही. १९५० च्या दशकातील इटालियन आराखडा किरकोळ फेरबदलांसह चार दशके चालला. फियाटने इटलीत तो केव्हाच बाजूला ठेवला होता.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि रांगेचा आधार तुटला. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचे इंजिन बसवून ‘११८ एनई’ ही गाडी आणली. ती वाईट नव्हती, उशिरा आली एवढेच. उदारीकरणानंतर फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी करून कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात ‘३०९’ ही मोटार तयार होऊ लागली. कामगार तंटा आणि भागीदारांतील बेबनाव यांत तो प्रकल्प १९९७-९८ च्या सुमारास थांबला. फियाटबरोबर ‘युनो’ आणली तेव्हा नोंदणी लाखोंच्या घरात गेली, पण तेवढ्या गाड्या वेळेवर देणे कुर्ल्याच्या जुन्या कारखान्यास जमले नाही. त्या भागीदारीतून प्रीमियर बाजूला झाली आणि फियाटचे उत्पादन पुढे पुण्याजवळ रांजणगाव येथे गेले. २००० च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादनही बंद झाले. मुंबईत काळीपिवळी टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली.

कामगार आणि कायदा

प्रीमियरच्या इतिहासातील कामगारांचे स्थान स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कुर्ला-घाटकोपर-विक्रोळी या औद्योगिक पट्ट्यात सातारा, रत्नागिरी, नगर अशा जिल्ह्यांतून आलेल्या तरुणांनी ओतकाम, कातकाम, साचेकाम शिकले. विश्वेश्वरय्यांनी कल्पिलेली पूरक उद्योगांची साखळी काही अंशी याच हातांनी प्रत्यक्षात आणली. कारखान्यातील मोठ्या कामगार संघटनांमध्ये मात्र तीव्र स्पर्धा होती. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन भत्त्याबाबत व्यवस्थापनाने एका संघटनेशी केलेला करार दुसऱ्या संघटनेच्या कामगारांना मान्य नव्हता आणि त्यांनी मुंबईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट १९७५ मधील निर्णयात न्यायालयाने दिवाणी न्यायालय आणि औद्योगिक विवाद कायद्याखालील यंत्रणा यांच्या अधिकारकक्षांची सीमारेषा आखून दिली. जो हक्क केवळ औद्योगिक कायद्याने निर्माण झाला आहे, त्याची दाद त्याच कायद्याने दिलेल्या मार्गाने मागावी लागेल. सामान्य कायद्यातील हक्काबाबत मात्र कामगारास मार्ग निवडण्याची मुभा राहील. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी ‘प्रीमियर’ हे नाव आज प्रथम ऐकतात ते बहुधा या निर्णयाच्या शीर्षकातच. कुर्ल्यातून बाहेर पडलेले डॉज आणि फार्गो ट्रक त्यांनी पाहिलेले नसतात.